पोलीस ठाण्याचा प्रभार पहिल्यांदाच घेताय? आधी तपासाचे तास वाचवा

ग्रामीण जिल्ह्यात बरीच नोकरी झालेले एक पोलीस निरीक्षक बदलीने ठाणे शहर आयुक्तालयात आले आहेत आणि पहिल्यांदाच वरिष्ठ निरीक्षक म्हणून एका पोलीस ठाण्याचा प्रभार घेत आहेत. त्यांनी विचारलंय, "नवे कायदे, सायबरच्या तक्रारी, रोजचा बंदोबस्त, वरून येणारी परिपत्रकं, या सगळ्यात सुरुवात कुठून करू? पहिल्या महिन्यात नेमकं काय बघू?"

ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडे मी प्रभारी म्हणून काम केलं आहे. आता निवृत्तीनंतर तपासी अधिकाऱ्यांचे वर्ग घेतो, त्यामुळे सध्या कुठे अडतंय हे रोज कानावर येतं. माझं उत्तर सरळ आहे. तुमच्या उपनिरीक्षकाला आणि सहायक निरीक्षकाला आठवड्यात प्रत्यक्ष तपासासाठी किती तास मिळतात, हे आधी बघा. पहिल्या महिन्यात एवढं एक काम नीट झालं तरी पुष्कळ झालं.

याला कारण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. कलमांचे आकडे बदलले, ते दोन-तीन महिन्यांत सगळ्यांना पाठ झाले. खरा बदल मुदतींचा आहे. ऑनलाइन आलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही, प्राथमिक चौकशी चौदा दिवसांत, बलात्कार आणि पोक्सोचा (बालकांवरील लैंगिक अत्याचार) तपास दोन महिन्यांत, फिर्यादीला तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवणं. बलात्काराची दोन महिन्यांची मुदत आणि साठ-नव्वद दिवसांत दोषारोपपत्र, ही बंधनं तर आधीपासूनच होती. पूर्वी चुकलेली गोष्ट मागाहून कागदावर सावरली जायची. आता झडतीचं चित्रीकरण होतं, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीवर वेळ पडते, फाइलची हॅश व्हॅल्यू (तिचा डिजिटल ठसा) निघते. पहिल्या चोवीस तासांत जे झालं नाही ते नंतर झालंय असं दाखवता येत नाही, आणि दाखवूही नये.

हे पहिले चोवीस तास तपासी अधिकाऱ्याकडे असतात का? नवरात्रात टेंभी नाका, गोविंदाला आख्खं ठाणे शहर, गणपतीत विसर्जन घाट, मधल्या काळात मंत्र्यांचे दौरे, मोर्चे, घोडबंदर रोडची कोंडी. नवी मुंबईत नेरुळचं स्टेडियम आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथे कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आता विमानतळही सुरू झालाय. बंदोबस्त कमी होणार नाही, वाढतच जाणार. रात्रपाळी करून आलेला उपनिरीक्षक सकाळी बंदोबस्ताला उभा राहतो, दुपारी रिमांडला कोर्टात जातो आणि संध्याकाळी केस डायरी लिहायला बसतो तेव्हा त्याच्या हातून काय उतरणार? तो आळशी नाही. त्याचे तास आपण वाटून टाकलेले असतात.

म्हणून प्रभार घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ड्युटी लावणाऱ्या अंमलदाराला शेजारी बसवा आणि मागच्या महिन्याचा तक्ता तपासी अधिकाऱ्यांच्या नावाने काढा. कोण किती वेळ बंदोबस्ताला होता, किती वेळ कोर्टात, किती वेळ ठाण्यात. तो कागद घेऊन एसीपींकडे (सहायक पोलीस आयुक्त) जा. पाळीपाळीने किमान दोन तपासी अधिकारी बंदोबस्तातून वगळायचे, असा लेखी आदेश करून घ्या. तोंडी ठरलेलं पहिल्या मोठ्या सणाला मोडतं. नकार आला तरी कागद नोंदीला राहतो. पुढे मुदत चुकल्याचा खुलासा मागितला गेला तर त्या पोराच्या पाठीशी उभं राहायला तुमच्या हातात काहीतरी असतं.

आता त्या तासांत काय व्हायला हवं ते सांगतो. सगळ्यात जास्त लक्ष अटकेवर द्या, कारण सध्या चांगल्या गुन्ह्यातले आरोपी इथेच सुटतायत.

अटकेची कारणं आरोपीला लेखी द्यायची, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पंकज बन्सल प्रकरणात मनी लाँडरिंगच्या कायद्यापुरता मांडला, २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याला लावला. ६ नोव्हेंबर २०२५ च्या मिहीर शाह निकालाने तो सगळ्याच गुन्ह्यांना लागू झाला. हे प्रकरण आपल्याच राज्यातलं, वरळीच्या अपघाताचं. निकालाचं सार असं: कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायची. अगदी डोळ्यांसमोर गुन्हा घडतोय आणि तिथे लिहून देणं शक्यच नाही, तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी प्रत त्याच्या हातात पडली पाहिजे. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा.

वर्गात मी अधिकाऱ्यांना त्यांनी दिलेल्या नोटिसा आणायला सांगतो. बहुतेक ठिकाणी छापील मजकूर असतो: "सदर आरोपीचा गुन्ह्यात सहभाग निष्पन्न होत असून, तो साक्षीदारांवर दबाव आणण्याची व फरार होण्याची शक्यता असल्याने अटक करण्यात येत आहे." हे वाक्य मोबाइल चोरालाही चालतं आणि खुन्यालाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. न्यायालयाला त्या माणसाविरुद्धची ठोस बाब हवी आहे. ती अशी लिहावी: "दि. अमुक रोजी रात्री सुमारे ११.४० वाजता माजिवडा उड्डाणपुलाखाली फिर्यादीच्या गळ्यातील सोनसाखळी हिसकावणाऱ्या मोटारसायकलवर तुम्ही मागे बसलेले सीसीटीव्ही चित्रणात दिसता. सदर मोटारसायकल तुमच्या ताब्यातून पंचनाम्याने जप्त झाली आहे. फिर्यादीने केलेले वर्णन तुमच्याशी जुळते." तीन ओळी पुरतात. पण त्या लिहायला गुन्ह्याचे कागद वाचलेले असावे लागतात. रायटरला (लेखनिक अंमलदाराला) सांगून होणारं हे काम नव्हे.

भाषेचा मुद्दाही आपल्याकडे पुस्तकी नाही. मुंब्रा-भिवंडीत हिंदी, उर्दू लागेल. सोसायटीचा सुरक्षारक्षक नेपाळी असेल. खारघर-तळोजा भागात परदेशी नागरिक सापडतात, तिथे इंग्रजीच चालेल. हिंदी आणि इंग्रजीचा कच्चा नमुना ठाण्यात तयार ठेवा, मात्र कारणांची जागा कोरी सोडा. प्रत दिल्याची सही घ्या, वेळ टाका, स्टेशन डायरीला नोंद करा. नातेवाइकाला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला कळवल्याचीही वेगळी नोंद करा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार (पुढेही कायद्याचं नाव नसलेली कलमं याच संहितेची) अटक केलेल्यांची माहिती ठेवणारा सहायक उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी नेमायचा आहे. तो कागदावर नेमलेला असतोच, पण तो स्वतः हे जाणतो का, एवढं विचारून बघा.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस हा नियम आहे, अटक हा अपवाद. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा आणि माणूस आजारी किंवा साठीपुढचा असेल तर एसीपींच्या परवानगीशिवाय अटक नाही. सोसायट्यांच्या भांडणात ज्येष्ठ नागरिक आरोपी असणं ठाणे शहरात नेहमीचं आहे, तेव्हा हे पोटकलम रात्रपाळीच्या अधिकाऱ्याला पाठ असू द्या.

गुन्हा नोंदवण्याबाबत तुमच्यावर सर्वात जास्त दबाव येईल, आणि तो दोन्ही बाजूंनी येईल. कलम १७३(३) ची प्राथमिक चौकशी आता सर्रास वापरली जाते. ती फक्त तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे, आणि त्यालाही एसीपींची परवानगी लागते. न्याय संहितेच्या ३१८(४) च्या फसवणुकीची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे, म्हणजे ती यात बसत नाही. तरी घोडबंदर, कल्याण-शीळ रोड, पनवेल या पट्ट्यातल्या फ्लॅट फसवणुकीचे अर्ज "चौकशीवर" म्हणून महिनोन्महिने पडून असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने व्यापारी व्यवहारांत चौकशीला जागा ठेवली आहे हे खरं, पण दखलपात्र गुन्हा दिसतो की नाही एवढंच बघण्यापुरती. पैसे परत करायला लावून मिटवण्यासाठी ती जागा नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती बनावट कागदांवर उभ्या राहिल्या, त्यात आयुष्याची पुंजी घातलेली माणसं कुठेकुठे अर्ज घेऊन फिरली असतील याचा विचार करा. पहिल्या महिन्यात प्रलंबित अर्जांची बारनिशी (आवक नोंदवही) स्वतः वाचा.

हद्दीचा वाद आता बोलायचंच काम नाही. घोडबंदरला कासारवडवली संपलं की मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालय, शिळफाट्याच्या पुढे नवी मुंबई, आनंदनगर नाक्यापलीकडे मुलुंड, आणि स्टेशनात लोहमार्ग पोलीस. रात्री दोन वाजता बाई तक्रार घेऊन आली तर तिला "ते तिकडे येतं" म्हणणारा माणूस तुमच्या ठाण्यात नसावा. शून्य क्रमांकाने गुन्हा घ्या आणि वर्ग करा. त्यातही आधी तिचं मेडिकल आणि घटनास्थळाचा बंदोबस्त करा, कागद मागाहून वर्ग होतील.

मुलांच्या आणि महिलांच्या बाबतीत मी अधिक कडक बोलतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात लोक रुळांवर उतरले. लहान मुलींवर अत्याचार झाला याचा संताप होताच, पण गुन्हा नोंदवायला लागलेल्या वेळेनेही लोक भडकले, आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन त्या विलंबावर बोट ठेवलं. लैंगिक गुन्ह्याची खबर न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. पोक्सोत जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, साध्या कपड्यांत घ्यायचा. बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला चोवीस तासांत कळवायचं. महिला अधिकारी रजेवर आहे, बंदोबस्ताला आहे, ही सबब टिकत नाही. शेजारच्या दोन ठाण्यांच्या प्रभारींशी आधीच बोलून ठेवा, की अशा वेळी एकमेकांची महिला अधिकारी तासाभरात पाठवायची. परिपत्रकाची वाट बघू नका, फोनवर ठरतं.

पुराव्याकडे येतो. कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. ई-साक्ष्य ॲप त्यासाठीच आहे. अडचणी तुम्हाला माहीत आहेत: जुना मोबाइल, रेंज नसलेली चाळ, पंच मध्येच निघून जाणं. पोलीस ठाण्यासाठी एक-दोन चांगले फोन आणि पॉवर बँक वेगळी ठेवा. चित्रीकरणात पंचांचे चेहरे, सील करतानाचा क्षण आणि लेबलावरच्या सह्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत. पुष्कळ चित्रणांत खोली दिसते, माणसं दिसतात, आणि नेमकी वस्तू जिथून काढली ती जागा दिसत नाही.

सीसीटीव्हीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण शहरातले निम्मे तपास आता त्यावर उभे आहेत. सोसायटीच्या किंवा दुकानाच्या डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) चित्रण कुठे आठवडाभर, कुठे पंधरा दिवस टिकतं, मग त्यावर नवं चढतं. म्हणून गुन्हा दाखल झाला त्याच दिवशी अंमलदार गेला पाहिजे. गेल्यावर पहिलं काम, डीव्हीआरवरचं घड्याळ आणि आपलं घड्याळ यातला फरक पंचनाम्यात लिहिणं. पडद्यावर ११.५२ दिसतं आणि फिर्यादी ११.४० सांगतो, एवढ्यावर बचाव पक्ष साक्षीदार खोटा पाडतो. पंचनाम्यात "डीव्हीआरचे घड्याळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा बारा मिनिटे पुढे आहे" ही एक ओळ असेल तर तो प्रश्नच उरत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र दोन भागांत आहे. भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने, म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी किंवा दुकानदार याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. हॅश व्हॅल्यू दोन्हींत लागते. भाग अ त्याच दिवशी सही करून आणा. सेक्रेटरी बदलतात, दुकानं बंद होतात, दोन वर्षांनी खटल्याच्या वेळी त्यांना शोधणं फार कठीण जातं.

सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक घटनास्थळी येण्याची तरतूद कलम १७६(३) मध्ये आहे. ती टप्प्याटप्प्याने अमलात येतेय. पथक येईपर्यंत जागा राखणं हे आपलं काम. पहिला पोचतो तो बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचा अंमलदार, आणि दारातली गर्दी, नातेवाईक, कॅमेरावाले त्यानेच थोपवायचे असतात. प्रशिक्षण अधिकाऱ्यांना मिळतं, त्याला क्वचितच. महिन्यातून एकदा हजेरीच्या वेळी अर्धा तास त्याच्यासाठी काढा.

सायबरबद्दल दोन गोष्टी. पहिली कायद्याची: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७८ म्हणतं की त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाखालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. साध्या पोलीस ठाण्यात निरीक्षक किती? तुम्ही, गुन्हे निरीक्षक, प्रशासन निरीक्षक. म्हणजे ६६क, ६६ड (ओळख चोरी, तोतयेगिरी) ची कलमं लागलेला प्रत्येक गुन्हा याच दोघा-तिघांच्या नावावर चढतो आणि तिथेच साचतो. हे कलम बदलायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तोवर गुन्हे निरीक्षकाच्या हाताखाली दोन तंत्र कळणारे अंमलदार कायम द्या आणि त्यांना बंदोबस्तातून काढा. बँकांचे मेल, खात्यांची साखळी, सीडीआर (कॉलच्या नोंदी) हे सगळं तेच करतील, सही आणि जबाबदारी निरीक्षकाची.

दुसरी गोष्ट वेळेची. फसवणूक झालेला माणूस ठाण्यात आला की त्याला आयुक्तालयातल्या सायबर सेलचा पत्ता देऊ नका. ठाणे अंमलदाराच्या टेबलावरच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार चढवा आणि पोचक्रमांक त्याच्या हातात द्या. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून चौथ्या-पाचव्यात मिनिटांत जातो. तो वाटेत जिथे असेल तिथे रोखला जातो, एटीएममधून बाहेर पडला की संपलं. "डिजिटल अटक" म्हणून, व्हिडिओ कॉलवरच्या तोतया पोलिसाच्या धमकीने, कोणी दोन दिवस घरात कोंडल्यासारखा बसून असतो, तो आपल्याकडे आला की आधी त्याला पाणी द्या आणि सांगा, असली अटक कायद्यात नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, असे लोक यात सापडतात आणि लाजेने मुलांनाही सांगत नाहीत. त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलणारा अंमलदार दिसला तर त्याला त्या टेबलावरून हलवा.

याच्या उलट बाजूलाही माणूस असतो. भाजीवाल्याच्या खात्यात गिऱ्हाइकाने यूपीआयने तीनशे रुपये दिले, ते पैसे कुठल्या तरी राज्यातल्या गुन्ह्यातले निघाले, आणि त्याचं सगळं खातं गोठलं. तो तुमच्याकडे येतो. त्याचा जबाब, दुकानाचा पुरावा घेऊन संबंधित पोलीस ठाण्याला मेल करा, प्रत त्याला द्या. आणि तुमच्या गुन्ह्यात खाती गोठवताना वादातल्या रकमेपुरतीच गोठवा, कलम १०६ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांना लगेच कळवा. रोखलेली रक्कम फिर्यादीला परत मिळण्यासाठी कलम ५०३ चा अर्ज कसा करायचा, हे त्याला मराठीत एका कागदावर लिहून द्या. वकिलाला द्यायला त्याच्याकडे पैसे उरलेले नसतात.

एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाच्या कारवायांबद्दल थोडक्यात. पन्नास ग्रॅमला व्यावसायिक मात्रा होते, शिक्षा मोठी, म्हणून प्रत्येक पायरी तपासली जाते. अंगझडतीआधी अमली पदार्थ कायद्याच्या कलम ५० चा हक्क (राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडतीचा) समजावून लेखी घेणं, ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने, ४८ तासांत वरिष्ठांना अहवाल. गुन्हे प्रकटीकरण पथकातली मुलं पकडण्यात तरबेज असतात, पण सोबत कागद बघणारा एक अधिकारी गेल्याशिवाय छापा घालू देऊ नका.

मुद्देमाल खोली उघडून बघा. बाहेर रस्त्यावर गंजत पडलेल्या गाड्याही बघा. कलम ४९७ ने फोटो, चित्रीकरण आणि वर्णन करून मालमत्ता लवकर निकाली काढण्याची वाट दिली आहे. कोर्ट कारकुनाकडून दर महिन्याला ठरावीक अर्ज पाठवा.

पोलीस ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत ना, हे रोज सकाळी स्वतः बघा. परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अठरा महिन्यांचं चित्रण ठेवायला सांगितलंय, किमान वर्षभराचं. कोठडीत काही झालं तर चित्रणाची पहिली गरज तुम्हालाच लागेल. आणि केबिनमध्ये दोन गटांना समोरासमोर बसवून समेट घडवायची सवय असेल तर ती मोडा. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्येच गोळ्या झाडल्या गेल्या. परवानाधारक असो, कोणी मोठा असो, हत्यार दारावर जमा झालं पाहिजे, आणि एका वेळी एकच बाजू आत.

शेवटची बाब बदल्यांची. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याचा कार्यकाळ सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा ठरलाय. तरी अधिकारी मध्येच जातात, तुम्हीही जाल. उपनिरीक्षक बदलून गेला की त्याचे तपास पंधरा-वीस दिवस कोणाच्याच नावावर नसतात आणि दोषारोपपत्राविना साठ दिवस उलटताच आरोपी जामिनाचा हक्क घेऊन बाहेर येतो. त्यासाठी तुमच्या टेबलावर अटकेतल्या प्रत्येक आरोपीचा तक्ता ठेवा: अटकेची तारीख, कोठडीचे वापरलेले दिवस, साठावा किंवा नव्वदावा दिवस, प्रयोगशाळेकडून यायचे अहवाल. पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात, साठ दिवसांच्या गुन्ह्यात पहिल्या चाळीस दिवसांत आणि नव्वदच्या गुन्ह्यात पहिल्या साठ दिवसांत. म्हणून सगळे दिवस पहिल्याच रिमांडला संपवू नका, अहवाल आल्यावर विचारायचे प्रश्न उरतात. बदलीचा आदेश आल्या दिवशीच जाणाऱ्या अधिकाऱ्याला नव्या अधिकाऱ्याशेजारी बसवा आणि प्रत्येक केस डायरी हातात देऊन काय झालं, काय राहिलं ते लिहून घ्या. ते झाल्यावरच त्याला कार्यमुक्त करा.